हेमंत गाणारा गवई

दिवाळीचा फराळ संपत येतो, चकलीच्या डब्याच्या तळाशी नुसता चुरा उरतो, आणि मग एके दिवशी पहाटे आमच्या रावेतला थंडीची पहिली चाहूल लागते. पवनेच्या पात्रावर, बंधाऱ्याच्या बाजूला, धुक्याचा पातळसा पडदा उभा राहतो. पलीकडच्या काठावरची झाडे दिसेनाशी होतात. एरवी चोवीस तास घोंघावणारा मुंबईचा हमरस्तादेखील त्या वेळी जरा दबल्या आवाजात बोलतो. ज्यांनी रावेत हे शेतामळ्यांचे गाव होते तेव्हा पाहिले आहे, त्यांना आज इथल्या पंधरा-वीस मजली इमारती पाहून गाव हरवल्यासारखे वाटते. पण वर्षातले हे दोन महिने, पहाटे पाच ते साडेसहा, ते गाव धुक्यातून परत येते. निदान मला तरी तसे वाटते.

वाचकहो, या थंडीचे गाणे कोणी केले आहे का, हा प्रश्न माझ्या मनात गेल्या हिवाळ्यात आला. आणि तो आला तो आमच्या दादामुळे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. उभा जन्म त्याने चिंचवडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर काढला. तिन्ही पाळ्या केल्या. पण कारखान्यातून घरी आला की हातपाय धुऊन तो पेटी काढून बसे. गाणे तो कोणाकडे रीतसर शिकलेला नाही. तरी गुरुवारच्या भजनात पेटीही त्याचीच आणि आवाजही त्याचाच. भाता डाव्या हाताने हलवीत, डोळे मिटून तो अभंग म्हणू लागला की शेजारचे लोक जिन्यात येऊन उभे राहत. दोन वर्षांपूर्वी त्याला छातीचे मोठे दुखणे झाले. तीन आठवडे इस्पितळात काढून तो घरी आला, तो अर्ध्या श्वासानिशी. डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला आहे, आता श्वास जपून वापरा." दादाने त्या वाक्याचा अर्थ आपल्या परीने लावला. त्याने पेटीवर वहिनीची जुनी साडी टाकली आणि ती कपाटाशेजारच्या कोपऱ्यात ढकलून दिली. गाण्याचा विषय घरात कोणी काढायचा नाही असे न बोलताच ठरून गेले.

माझी पुतणी हिंजवडीला एका संगणकाच्या कंपनीत नोकरी करते. गेल्या पौषात एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. ती कानात ते दोन बोंडे घालून गॅलरीत शाल पांघरून बसली होती. मी विचारले, "काय ऐकतेस एवढे तल्लीन होऊन?" तिने एक बोंडूक माझ्या कानात घातले आणि म्हणाली, "काका, हे ऐका. सगळी बर्फाची गाणी आहेत."

ती एका इंग्रज बाईंची गाणी होती. केट बुश हे त्यांचे नाव. एकोणीस वर्षांच्या असताना, १९७८ साली, पहिल्याच गाण्याने इंग्लंडात पहिला क्रमांक पटकावलेल्या या बाई स्वतः पियानो वाजवतात आणि गातात. पुढे १९९३ नंतर तब्बल बारा वर्षे त्यांनी एकही नवा गीतसंग्रह काढला नाही. २०११ च्या नोव्हेंबरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी 'फिफ्टी वर्ड्स फॉर स्नो' नावाचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात गाणी अवघी सात, पण वेळ तासाहून अधिक. पहिले गाणे म्हणजे आभाळातून खाली येणाऱ्या एका हिमकणाचे मनोगत. त्या हिमकणाचा आवाज बाईंच्या लहानग्या मुलाचा. नावाच्या गाण्यात स्टीफन फ्राय हे विख्यात नट हिमाची पन्नास चित्रविचित्र नावे एकामागून एक उच्चारतात, आणि त्यातली पुष्कळशी बाईंनी चक्क स्वतः घडविलेली आहेत!

मला इंग्रजी गाण्यातले फारसे कळत नाही. पण त्या पियानोत एक गोष्ट मला कळली. एक स्वर वाजायचा आणि तो पुरता विरून जाईपर्यंत दुसऱ्याची घाई नसायची. दोन स्वरांमधली ती जागा मोकळी होती, आणि त्या मोकळ्या जागेत गारठा होता.

"आपल्याकडे अशी थंडीची गाणी नाहीत का हो, काका?" पुतणीने विचारले.

मी जरा विचारात पडलो. शब्दांची तर आपल्याकडे वाण नाही. थंडी, गारवा, गारठा, हीव, कडाका, शिरशिरी, हुडहुडी, काकडणे, कुडकुडणे, दव, दहिवर, धुके, धुई: पन्नास नसतील, पण मराठी माणूस थंडीबाबत काही मुका नाही. कार्तिकातल्या पहाटेच्या काकड आरतीला जाऊन आलेल्याला तर काकडा आणि काकडणे यांचे नाते वेगळे सांगायला नको. पण गाण्याचे काय? पावसासाठी आपल्याकडे मल्हाराचे अख्खे कुटुंब आहे. मेघमल्हार, मियाँमल्हार, गौडमल्हार, सूरमल्हार, रामदासी मल्हार, कितीतरी. वसंतासाठी बसंत आहे, बहार आहे, हिंदोल आहे, वर होळीच्या होऱ्या आहेत. कालिदासाने 'ऋतुसंहारा'त सहा ऋतूंना सहा सर्ग दिले, त्यात हेमंत आणि शिशिर यांचाही मान राखला. जुन्या संगीतग्रंथकारांनीही सहा ऋतूंना सहा राग वाटून दिले, जरी त्यांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे नाव ज्याच्याशी जोडले जाते तो हेमंत रागही आहे. पण मैफलीत प्रत्यक्ष थंडीच्या वर्णनाची चीज ऐकू येणे तसे विरळाच. पाऊस शेतकऱ्याला लागतो, वसंत प्रेमिकांना लागतो. थंडी कोणाला हवी असते? गवयाला तर नकोच. घशाला मफलर गुंडाळून तो ती टाळायला बघतो.

आणि मग मला एकदम आठवले. एका गवयाने ती टाळली नव्हती. त्याने तर आख्खी मैफल हेमंताला वाहिली होती. तो गवई म्हणजे कुमार गंधर्व.

कुमारांचे चरित्र आपल्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल, पण तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हे त्यांचे मूळ नाव. जन्म ८ एप्रिल १९२४ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हा मुलगा जसेच्या तसे गाऊन दाखवी. 'कुमार गंधर्व' ही पदवी त्याला बालवयातच मिळाली. अकरा-बारा वर्षांचा असताना तो मुंबईच्या जाणत्या श्रोत्यांसमोर गायला आणि सभा थक्क झाली. प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्याकडे मुंबईला त्याचे शिक्षण झाले. तेवीस वर्षांचे असताना, १९४७ साली, भानुमतीबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्याही देवधरांच्याच विद्यार्थिनी. सर्व काही जुळून आले होते. आणि त्याच सुमारास कुमारांना क्षयाने गाठले.

त्या काळी क्षय म्हणजे काय, हे आजच्या पिढीला सांगून कळणार नाही. घरात नुसता खोकला ऐकू आला तरी आईबापांच्या तोंडचे पाणी पळे. गवयाला क्षय होणे म्हणजे तर चित्रकाराचे डोळे जाणे. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या जानेवारीत कुमार माळव्यातल्या देवासला जाऊन राहिले. देवास हे पवारांचे जुने मराठी संस्थान. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर काही काळ जिथल्या महाराजांचे चिटणीस होते, तेच हे गाव. डॉक्टरांनी गाण्याची बंदी केली होती. गाल तर प्राणाशी गाठ आहे, असा इशारा होता. सुमारे पाच वर्षे हा माणूस अंथरुणाला खिळून होता. ज्याचा गळा लहानपणापासून एक दिवस गप्प बसला नाही, त्याने पाच वर्षे नुसते ऐकले.

काय ऐकले? खिडकीखालून जाणाऱ्या बायकांची गाणी. फेरीवाल्यांच्या आणि भिकाऱ्यांच्या आरोळ्या. नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने. पाखरांची किलबिल. माळव्याची रात्र हिंदुस्थानात नावाजलेली आहे. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, असे म्हणतातच. त्या रात्रींत, आणि हिवाळ्याच्या तर लांबच लांब रात्रींत, हा आजारी गवई मनातल्या मनात स्वर लावीत पडून राही. लोकगीतांच्या चालींत रागांची बीजे कशी दडलेली असतात, हे त्याला त्या खाटेवर उमगले. पुढे मालवती, लगनगंधार, संजारी, मधसुरजा, सहेली तोडी असे नवे राग त्याने दिले, त्यांची मुळे या काळात आहेत.

त्यांना उठवले ते दोघांनी मिळून. एक भानुमतीबाईंची शुश्रूषा, आणि दुसरे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध. १९४३ साली अमेरिकेत सापडलेल्या या औषधाने क्षयाच्या जंतूंवर पहिल्यांदा खरा इलाज मिळाला. आपल्या पिंपरीशी याचा एक गोड संबंध आहे. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना इथे १९५४ साली स्थापन झाला. पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनही. कुमारांना लागलेले औषध पिंपरीचे नव्हते, कारण ते बरे झाले तेव्हा हा कारखाना उभाच राहायचा होता. पण ज्या औषधाने देशाला एक गवई परत दिला, तेच औषध पुढे आमच्या दारात होऊ लागले, ही गोष्ट रावेत-पिंपरीच्या माणसाने अभिमानाने आठवावी अशी आहे. आपल्या भागाचे नाव निघाले की लोकांना मोटारी आणि स्कूटरी आठवतात. इथे श्वासही तयार होत होता, हे कोणी सांगत नाही.

१९५३ साली कुमार पुन्हा मैफलीत बसले. पण एक फुप्फुस कायमचे निकामी झाले होते. आता विचार करा. ख्यालगायकी म्हणजे दमसासाचा खेळ. लांबलचक तान, एका श्वासात ओढलेली मींड, यावर टाळ्या पडतात. ज्याच्याजवळ अर्धाच श्वास आहे, त्याने काय करायचे? बहुतेकांनी गाणे सोडून शिकवण्या धरल्या असत्या. कुमारांनी गाण्याचीच मांडणी बदलली. स्वरवाक्ये छोटी केली. विजेसारखी एखादी तान चमकवायची आणि लगेच थांबायचे. थांबले की मागे तंबोरे ऐकू यायचे. कुमारांचे तंबोरे हा तर एक स्वतंत्र विषय आहे. ते जुळविण्यासाठी ते लागेल तितका वेळ घेत, आणि ते जुळले की खोलीतल्या भिंतीच सुरात आल्यासारख्या वाटत. इतर गवई जिथे श्वास भरून काढत, तिथे कुमारांनी ती रिकामी जागाच गाण्यात घेतली. कित्येक जाणकारांना ते रुचले नाही. घराण्याची शिस्त मोडली, असा बोभाटा झाला. वाद पुष्कळ वर्षे चालले. पण गर्दी हटली नाही.

साठीच्या दशकात कुमारांनी एकेका विषयावर अख्खी मैफल बांधण्याचा उपक्रम सुरू केला. माळव्याच्या लोकगीतांवर एक, बालगंधर्वांच्या गायकीवर एक, आणि ऋतूंवर तीन: 'गीत वर्षा', 'गीत हेमंत' आणि 'गीत वसंत'. वर्षा आणि वसंत समजण्यासारखे आहेत. त्यांना परंपरेत आयता मालमसाला मिळतो. पण हेमंत? तिथे वाट त्यांची त्यांनाच काढायची होती. नव्या बंदिशी रचण्यात त्यांचा हातखंडा होताच. १९६५ साली मौज प्रकाशनाने काढलेला त्यांचा 'अनूपरागविलास' हा बंदिशींचा ग्रंथ त्याची साक्ष देतो. तेव्हा ज्या ऋतूला गवयांनी कधी फारसे विचारले नाही, त्याला त्यांनी आपल्या मैफलीत पाटावर बसविले.

मला राहून राहून वाटते की हा ऋतू त्यांनी उगीच निवडला नाही. छातीचे दुखणे असलेल्या माणसाला थंडी म्हणजे काय, ते विचारावे. पहाटेचा गार वारा नाकात शिरला की श्वास अडखळतो. रात्र सरता सरत नाही. ज्याने देवासच्या पाच हिवाळ्यांत मरण उशाशी पाहिले, त्याला हेमंताची जेवढी ओळख झाली असेल, तेवढी पावसाची किंवा वसंताचीही झाली नसेल. माणूस सहसा आपल्या वैऱ्यावर गाणे करीत नाही. कुमारांनी ते केले. हा माझा तर्क आहे, कुमारांचे म्हणणे नव्हे. पण ते गाणे ऐकताना हा तर्क माझ्या मनातून जात नाही.

तर त्या रविवारी मी पुतणीला म्हटले, "तुझ्या त्या यंत्रात बघ बरे, 'गीत हेमंत' मिळते का." तिने दोन मिनिटांत शोधून काढले. आमच्या वेळी एखादी तबकडी मिळवायला लक्ष्मी रस्त्याच्या चार खेपा होत. तिने ते कानातले बोंडे काढून टाकले आणि छोट्याशा ध्वनिवर्धकावर गाणे मोठ्याने लावले.

तंबोरे सुरू झाले. आतल्या खोलीत दादा पडून होता. मला जरा धास्तीच वाटली. घरात गाण्याचा विषय काढायचा नाही असा नियम होता आणि आम्ही तो काका-पुतणीने मिळून मोडला होता. वहिनी स्वयंपाकघरातून तिळाच्या वड्यांचे ताट हातात घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. कुमारांचा आवाज आला. टोकदार, वरच्या स्वरावर जाऊन तिथेच क्षणभर लुकलुकणारा. मग शांतता. मग पुन्हा एक छोटीशी ओळ.

थोड्या वेळाने पडदा सरकवून दादा बाहेर आला. खांद्यावर शाल होती. कोणाशी न बोलता तो खुर्चीवर बसला आणि ऐकू लागला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो गाणे ऐकत नव्हता, तो श्वास मोजत होता. कुमार कुठे श्वास घेतात, किती घेतात, तो घेण्यासाठी ओळ कुठे तोडतात, हे त्याचे बोट खुर्चीच्या हातावर टिपत होते. लेथवर आयुष्य काढलेला माणूस. सुताएवढा फरकही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

गाणे संपल्यावर तो म्हणाला, "याला एकच फुप्फुस होतं ना रे?"

"हो," मी म्हणालो.

"मग एवढा वेळ कसा गायला?"

मी काय सांगणार? पुतणीच म्हणाली, "बाबा, ते सगळं एका दमात म्हणतच नव्हते. मध्ये मध्ये थांबत होते."

दादा काही बोलला नाही. त्याने ताटातली एक वडी उचलली, ती खाऊन उठला आणि आत जाऊन पडला. वहिनींनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग होता की आणखी काही, ते मला त्या वेळी कळले नाही.

त्यानंतर आठेक दिवसांनी, संक्रांतीच्या आसपास, वहिनींचा सकाळी सहाला फोन आला. इतक्या सकाळी फोन आला की आमच्या वयाच्या माणसांचे काळीज आधी धडधडते. पण त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "भावजी, काही बोलू नका. नुसतं ऐका." आणि त्यांनी फोन तसाच धरून ठेवला.

पेटी वाजत होती. भाता जरा फुसफुसत होता, दोन वर्षे पडून राहिलेल्या पेटीचा तो भाता! चालीवरून ओळखले, गुरुवारच्या भजनातला दादाचा आवडता अभंग होता. पूर्वी तो ज्या ओळी एका श्वासात म्हणे, त्यांचे त्याने आता दोन तुकडे केले होते. एक तुकडा म्हणायचा, मग थांबायचे आणि ती जागा पेटीने भरून काढायची, मग दुसरा तुकडा. आवाज पूर्वीसारखा नव्हता. खरखर होती, आणि चौथ्या ओळीला तो खोकला. मी श्वास रोखून बसलो. खोकला थांबला. पेटी काही थांबली नव्हती. ती तेवढा वेळ एकाच सुरावर त्याची वाट पाहत राहिली, आणि मग तो पुढे गेला.

वाचकहो, पेटीला पंडितांनी पुष्कळ नावे ठेवली आहेत. तिला मींड येत नाही, तिचे सूर साच्यातले, अशा कारणांनी १९४० पासून तीस वर्षांहून अधिक काळ तिला आकाशवाणीवर मज्जाव होता. ती सगळी कारणे खरी असतील. पण गाणाऱ्याचा श्वास संपतो तेव्हा त्याचा सूर धरून ठेवणे तिला येते. त्या सकाळी मला तिचा तेवढाच गुण दिसला.

डॉक्टरांना पुढच्या भेटीत दादाने स्वतःच विचारले. ते म्हणाले, "दम लागेल इतके नको, पण थोडे थोडे गायला काहीच हरकत नाही. गार वाऱ्यात मात्र बसू नका." म्हणजे श्वास जपून वापरा या वाक्याचा अर्थ तो मुळीच वापरू नका असा नव्हता. दोन वर्षे आम्ही सगळ्यांनी तो तसा धरून ठेवला होता, आणि त्यात आमच्या भीतीचा वाटा दादाच्या दुखण्याहून मोठा होता. वहिनी परवा म्हणाल्या, "मीच साडी टाकली असती तर निदान स्वतःला दोष देता आला असता. पण त्यांनी टाकली आणि मी ती दोन वर्षं धुऊन पुन्हा पुन्हा टाकत राहिले."

कुमार गंधर्वांचे देहावसान १२ जानेवारी १९९२ ला देवासला झाले, ऐन पौषात, संक्रांत दोन-तीन दिवसांवर आली असताना. डॉक्टरांनी जे गाणे प्राणघातक ठरविले होते, ते उपचारांनी बरे झाल्यावर त्यांनी पुढे जवळजवळ चाळीस वर्षे गायले. १९९० साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण आमच्या घरात त्यांची आठवण निघते ती पदव्यांवरून नाही.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा शरद सरत आलेला असेल. मार्गशीर्ष लागला की हेमंत सुरू. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीच्या उत्सवाचे दिवस येतील, पवनेवर धुके उतरेल. आमच्या दादाने यंदा गुरुवारच्या भजनाला पुन्हा हजेरी लावली आहे. तो तीन अभंग म्हणतो, पूर्वीसारखे आठ नाहीत. खिडक्या बंद असतात, खांद्यावर शाल असते आणि वहिनी शेजारी सुंठीच्या कोमट पाण्याचा तांब्या घेऊन बसलेल्या असतात. जिन्यात पूर्वीसारखेच चार माणसे उभी राहतात. दादा मध्येच थांबला की तीही थांबून राहतात. कोणी खोकत नाही, कोणी बोलत नाही. तो पुन्हा सुरू करीपर्यंत सगळे वाट पाहतात.